निम्म्यावरचा काटा

मानसिंग शेट माझ्या दुकानात आला तेव्हा मी सगळ्यात आधी त्याचे डोळे बघितले. दोन्ही धड होते.

माझ्या भावाला, अझरुद्दीनला, एकच आहे. उजवा. डाव्याच्या जागी कातडं ओढून बसलंय आणि तेच कातडं कानापासून गळ्यापर्यंत उतरलंय, दुधावरची साय बोटानं सरकवावी तसं. अझर वडाप चालवायचा, सीटवर भाडं घेणारी जीप. सोलापूर ते वळसंग, वळसंग ते सोलापूर, एका खेपेला बारा माणसं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, वळसंगच्या स्टँडवर त्याची जीप ओढेना झाली. तो उतरला. उतरायच्या आधी त्यानं काटा बघितला. निम्म्यावर होता. म्हणजे इंजिन तापलेलं नाही, पाणी कमी झालं असेल, असं समजून त्यानं रेडिएटरचं टोपण फिरवलं आणि आतलं उकळतं पाणी त्याच्या तोंडावर उडालं.

ती जीप त्याला मानसिंगनं विकली होती. जुन्या जीपा घ्यायच्या, रंग मारायचा, वडापवाल्यांच्या गळ्यात मारायच्या, हा त्याचा धंदा.

लोक काय म्हणाले ते मला पाठ आहे. तापलेल्या गाडीचं टोपण उघडतो तो ड्रायव्हर कसला, येडं हाय ते. आणि मानसिंग स्वतः वळसंगला जाऊन, चहा पीत, सगळ्यांच्या देखत बोलला होता, "काटा लालवर गेला असंल की. बघितला न्हाय त्यानं. काटा कवा खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतो."

हे वाक्य स्टँडवर एवढं गाजलं की दवाखान्यात भेटायला येणारे ते आम्हालाच ऐकवायचे. अझर पट्ट्यांच्या आतून एकच सांगायचा, काटा निम्म्यावर होता, मी बघितला. लोक मान डोलवायचे आणि जिन्यात जाऊन हसायचे. सहा महिन्यांनी त्यानं सांगणं बंद केलं. वर्षानं तो स्वतःच म्हणायला लागला, "लालपर होंगा आपा. मैं देख्याच नइं होंगा."

मानसिंगनं डोळा नेला, आणि त्या डोळ्यानं जे बघितलं होतं तेही नेलं. ह्याला माझ्याकडे माफी नाही.

खरं काय ते मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. जीप भंगारात द्यायची ठरली तेव्हा मी सीटा काढून आणायला गेले. सीटा माझ्या हातच्या होत्या. अब्बा, हुसेनसाब कुशनवाले, गेल्यापासून दुकान मीच चालवते. रेग्झिन, फोम, सीट कव्हर आणि आता फायबरचं काम. सीटा काढल्या आणि मनात आलं म्हणून मीटरचं पॅनल पण उघडलं. मागे, तापमानाच्या मीटरच्या वायर जोडायच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा एक रेझिस्टर डाग देऊन बसवलेला. त्याचं दुसरं टोक बॉडीच्या स्क्रूखाली दाबलेलं. इंजिनाकडून येणारी वायर तोडून, हिरवी टेप गुंडाळून, वर सारून ठेवलेली. म्हणजे इंजिन थंड असो, गरम असो, पेटलेलं असो, चावी फिरवली की काटा निम्म्यावर जाऊन गप बसणार. गिऱ्हाईक खूश. गाडी तापत नाही शेट, काय मशीन हाय!

मी तो दाणा आणून अझरच्या हातावर ठेवला. त्यानं चाचपला आणि परत दिला. "ये मेरेकू नइं समजता आपा. टोपण मैंच खोल्या ना? मेरे हाथ से खोल्या." त्याला पुढं बोलायचंच नव्हतं. आणि मी ते बाहेर कुणाला सांगणार होते? कुशनवाल्याची पोरगी, हातात चार आण्याची वस्तू, समोर मानसिंग. तूच घातली असशील म्हणाला असता. मी गप बसले. गप बसणं म्हणजे विसरणं, असं मानसिंगला वाटलं असेल. त्याचं त्याला.

तर तो आला. एप्रिल संपत आला होता, पत्रा तापून टक टक वाजत होता. बाहेर त्याची स्वतःची जीप उभी. विकायची नाही, स्वतःला मिरवायची. काळा रंग, रुंद टायर, वर दिव्यांची रांग.

"सबिहा, तुझं काम बघितलं जुळे सोलापुरात. त्या डॉक्टरच्या गाडीत," तो म्हणाला. "डॅशबोर्डवर मीटर बसवलाईस न्हाय का, जणू कंपनीतनंच आलाय. तसं मला पायजे. तीन मीटर. पाण्याचं, ऑइलचं, टर्बोचं."

"पुण्यात मिळतात की शेट, तयार."

"पुण्याचं माझ्या डॅशबोर्डाला बसत न्हाय. आन दुसरं म्हंजे," तो खुर्चीत बसला, न विचारता, "नवा टर्बो टाकलाय, मोठा. ताकद लई आली, पर इंजिन तापतंय. कंपनीचा काटा मेला कळवत न्हाय लवकर. मला कसं, माझ्या गाडीचं खरं कळलं पायजे. डिग्रीनिशी. खरं दावणारं मीटर आणलंय मी, बाहेरच्या देशाचं."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली. दुसऱ्यांना निम्म्यावरचा काटा विकणारा माणूस स्वतःसाठी खरा काटा मागत होता, आणि मागताना त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

पडद्याआड अझर फोम कापत होता. कटरचा आवाज थांबला.

"भाऊ कसा हाय?" मानसिंगनं विचारलं. "नशीब बग एकेकाचं. जरा डोकं चालवलं असतं तर..." त्यानं हात झटकला. "असू दे. जुनं ते गेलं."

"गेलं," मी म्हटलं. "गाडी ठेवून जा. सहा दिवस लागतील. वायरिंग कोण करणार?"

"सोमलिंग सेन्सर बसवून वायरा आत सोडून जाईल. तुजं काम खोकं करायचं आन मीटर त्यात बसवायचं. पिना मारल्या की झालं. जमंल न्हवं?"

"पिना मारायला काय शेट. बघून बघून येतंय."

सोमलिंग म्हणजे त्याचा वायरमन. दुसऱ्या दिवशी आला, बॉनेटखाली तासभर खुडबुड केली, तीन वायरांचे जोड डॅशबोर्डातून वर काढून दिले. जोडावरची टेप हिरवी होती. मी त्याला चहा पाजला.

आता काम कसं करतात ते सांगते, कारण बदल्यासाठी का होईना, मी काम वाईट केलं नाही. डॅशबोर्डवर आधी चिकटपट्टी मारायची, सगळीकडे, सुरकुती न ठेवता. तिच्यावर ग्रीस. मग पीव्हीसी पाइपाच्या तीन चकत्या कापायच्या, मीटर घट्ट बसेल अशा. त्या चकत्या काड्यांवर उभ्या करून डिंकानं धरायच्या आणि त्यांचा कोन ठरवायचा. सगळं कसब कोनात आहे. मीटर हवेकडे बघत असेल तर उपयोग काय? तो चालवणाऱ्याच्या डोळ्याकडे बघायला पाहिजे. म्हणून गिऱ्हाइकाला सीटवर बसवायचं, चकतीच्या मधोमध दोरी बांधायची आणि दुसरं टोक त्याच्या डोळ्यापाशी धरायचं. दोरी जिथं सरळ येते तो कोन.

मानसिंगला मी बोलावलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मी शेजारच्या सीटवर गुडघा टेकवून दोरी ताणली आणि तिचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यापुढं आणलं. बोटभर अंतर. टोकाला गाठ मारायला माझ्या हातात दाभण होतं.

"हलू नका शेट."

"न्हाय हलत."

"डोळा मिटू नका. मिटला की कोन चुकतो."

त्यानं डोळा मोठा केला. पाणावलेला, तांबूस शिरांचा, पिवळसर. त्यात मी दिसत होते, छोटी. एक क्षण असा होता की दुकानात कुणीच नव्हतं, रस्त्यावर कुणीच नव्हतं, आणि दाभण माझ्या हातात होतं. मी गाठ मारली. दाभणानं दिलेली जखम माझ्या नावावर लागली असती. मला त्याच्याच हातून पाहिजे होती.

चकत्या धरल्या की वर कापड ताणायचं. सोलापुरात सगळे आधी टॉवेलचं कापड वापरतात, कारण ते फुकट मिळतं, आणि फसतात. टॉवेल रेझिन पीत बसतो, वजन होतं, आकार लोंबतो. बनियनचं कापड पाहिजे, जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं. मी अझरचं घेतलं. ते तीन चकत्यांवरून ओढून खाली डॅशबोर्डच्या कडेला पिनांनी ताणलं. मग रेझिन. आपल्या उन्हाळ्यात हार्डनर निम्माच घालायचा, नाहीतर मगातच दगड होतो. ब्रशनं एक हात, दुसरा हात. वाळलं की उलटं करून आतून काचेची मॅट. पुट्टी, घासणं, परत पुट्टी, परत घासणं. काचेची कुसळं मनगटात शिरतात आणि आठवडाभर खाजवत राहतात. शेवटी वरून काळं रेग्झिन, डॅशबोर्डच्याच जातीचं, तसाच दाणा, आणि शिवण दुहेरी. आयुष्यात एवढं चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही.

पाचव्या दिवशी मी सेन्सर काढला आणि दुकानातल्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं. पाण्यात सेन्सर, टेबलावर मीटर, मध्ये बॅटरी. पाणी तापत गेलं तसा काटा चढत गेला. खरंच चांगलं मीटर होतं, लाज नसलेल्या माणसाकडे खऱ्या वस्तू कशा येतात कोण जाणे. मग मी सेन्सर काढून त्याच्या जागी एकेक रेझिस्टर लावून बघायला लागले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून वीस-पंचवीस आणले होते. एकानं काटा तळाशी राहिला, एकानं लालच्या पार गेला. अकराव्याला काटा उठला आणि बरोबर निम्म्यावर जाऊन बसला.

मी वर बघितलं तर अझर दारात.

"आपा, ये क्या करती तू?"

"दिसतंय ना."

तो पुढं आला, वाकून एका डोळ्यानं काट्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मी स्टोव्ह विझवला, पाणी थंड व्हायला लागलं, काटा निम्म्यावरच. मी बॅटरी काढून परत लावली. परत निम्म्यावर.

"ऐसाच था," तो हळू म्हणाला. मग जरा थांबून, "नइं, मालूम नइं मेरेकू." असं त्याचं झालं होतं. स्वतःच्या डोळ्यापुढं बघत होता आणि तरी त्याला खात्री नव्हती.

"तो चेहरा भाजून घेईल," मी म्हटलं.

"नइं खोलेंगा वो. मैं येडा था, खोल्या. वो येडा नइं है."

"काटा निम्म्यावर असताना का नाही उघडणार? सांग ना. तूच सांग."

अझर काट्याकडेच बघत राहिला. उत्तर मला मिळालं. उघडलं तर भाजेल. आणि नाही उघडलं तर सगळ्यांपुढं सांगावं लागेल, का उघडत नाही ते. दोन्हीकडून माझंच. खोटं कशाला बोलू, मनातून मला पहिलंच पाहिजे होतं.

सेन्सर मी परत जागेवर बसवला, पण त्याची वायर तोडली, वर सारली. मीटरच्या टोकाला अकरावा दाणा. टेप हिरवीच.

आमच्या लाइनीत एक रीत आहे. गाडीचं मोठं काम झालं की पहिल्या फेरीला कारागीर आत बसतो. नारळ फोडा, लिंबू चाकाखाली घाला, दर्ग्यावर चादर चढवा, ज्याचं जे असेल ते करा, पण कारागीर न बसता पहिली फेरी झाली तर काम लाभत नाही म्हणतात. अब्बा ह्याच्या मागचं खरं सांगायचे, आपण बसणार म्हटल्यावर हात आपोआप नीट चालतो. मानसिंगसारखी माणसं हे फार मानतात. त्यानं स्वतःच विचारलं, "येणार न्हवं पैल्या फेरीला?"

"येते की. कुठं जायचं?"

"हितंच एक चक्कर टाकू."

"एवढी गाडी सजवली आणि इथंच? वळसंगला चला की शेट. स्टँडवर सगळी तुमचीच गिऱ्हाइकं. बघू द्या त्यांना."

त्याचा चेहरा फुलला. "व्हय, चल."

तो यायच्या आधी मी गाडी वीस मिनिटं चालू ठेवली होती. तो बसला तेव्हा काटा निम्म्यावर असणं साहजिक होतं. दुपारचा एक. अंगाखालची सीट भाजत होती. त्यानं एसी पूर्ण सोडला, काचा वर घेतल्या आणि अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर टर्बो दाखवायला म्हणून जे हाणायला सुरुवात केली ते थांबेना.

"बग. निम्म्यावर. हालंना," तो म्हणाला. "लोणी हाय लोणी."

"मीटर चांगलं आहे शेट."

"आन तुजं खोकं पण. मानलं बाई तुला. तुज्या भावाला हे डोकं न्हाय मिळालं."

मी समोर बघत राहिले. ऑइलच्या दाबाचा काटा खरा होता, तो सावकाश खाली यायला लागला होता. तापलेलं ऑइल पातळ होतं तेव्हा येतो तसा. ज्याला कळतं त्याला तेवढ्यावरून कळलं असतं. पण निम्म्यावरचा काटा एकदा डोळ्यात भरला की माणूस बाकीचं बघत नाही. हे त्यालाच तर सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. त्याच्यावरच त्याचा धंदा चालला होता.

वळसंग फाट्याच्या अलीकडेच जीपची ताकद गेली. मानसिंगनं गिअर खाली घेतला, शिवी दिली आणि कशीबशी स्टँडवर आणून उभी केली. लिंबाखाली सात-आठ जीपा लागलेल्या. चनमल्लप्पा, अजिनाथ, बाकीचे, सगळे हॉटेलच्या बाकड्यांवर. काळी जीप बघून उठून आले.

"ये यप्पा, काय गाडी हाय!" चनमल्लप्पा म्हणाला. तो ह्या रस्त्यावरचा सगळ्यात जुना वडापवाला, मूळ अक्कलकोटकडचा. अझरला पाण्याची घागर ओतून शुद्धीवर आणणारा तोच. मला बघून त्याचं हसू जरा कमी झालं. "अक्का, तुमी? शेटसंगट?"

"शेटच्या गाडीचं काम केलंय, चनमल्लप्पा. बघा ना आत. तीन मीटर."

डोकी आत घुसली. कौतुक झालं. बॉनेटच्या फटीतून वास यायला लागला होता, गोडसर, जळका. अजिनाथनं नाक वर केलं. "शेट, गाडी उकळतीय वाटतं."

"उकळंल कशानं? काटा बग की," मानसिंग तोऱ्यात म्हणाला आणि स्वतः काट्याकडे बोट केलं. निम्म्यावर.

त्यानं बॉनेट उचललं. आतून गरम झोत आला आणि सगळे मागे सरकले. रेडिएटरच्या बाजूची बाटली गुळगुळ करत होती.

"पाणी कमी असेल शेट," मी म्हटलं. आवाज मोठा ठेवला. "टोपण उघडून बघा."

तो माझ्याकडे वळला.

"काटा निम्म्यावर आहे ना? मग गार आहे गाडी. काटा कधी खोटं बोलत नाही. उघडा."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप झालं. चनमल्लप्पाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मी माझ्या ओढणीचं टोक पुढं केलं. "हे घ्या, हाताला चटका नको. फिरवा टोपण."

मानसिंगनं हात पुढं केला. खरंच केला. टोपणापासून वीतभर अंतरावर आला आणि थांबला. पाइप फुगून दगडासारखा झाला होता. त्यानं हात मागे घेतला, मान वळवून आत काट्याकडे बघितलं, परत रेडिएटरकडे, आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं ते बघण्यासाठी मी दोन वर्षं जगले होते.

तो धावत आत शिरला. चावी बंद केली, काटा पडला. चालू केली, काटा टुणकन निम्म्यावर. परत बंद, परत चालू. मग न बघता, न चाचपडता, त्यानं माझ्या खोक्याच्या मागे हात घातला आणि दोन बोटांत धरून तो दाणा वायरीसकट ओढून बाहेर काढला.

"सोमलिंग!" तो ओरडला. "सोमलिंगनं दिलं तुला हे! माजा माणूस फोडलास व्हय गं? हे त्याचंच काम हाय, हिरवी टेप... माज्याच गाडीत घातलं भाडखावनं!"

माणसं गाडीच्या दारापाशी आली.

"शेट," चनमल्लप्पा म्हणाला, सावकाश, कप खाली ठेवत, "ते काय हाय हातात?"

"रेझिस्टर हाय! काटा अडकवायचा रेझिस्टर! गाडी उकळली तरी निम्म्यावरच..." आणि तिथं तो थांबला.

"अन ते तितं मागंच असतंय, हे तुमाला न बघता कसं ठावं?"

मानसिंगनं दाण्यावर मूठ मिटली.

"दुसऱ्या कुणाच्या गाडीत घातलं होतं सोमलिंगनं?" मी विचारलं. "कुणाच्या सांगण्यावरनं?"

"ए बाई, तू जास्त..."

"तू थांब रे," अजिनाथ त्याला म्हणाला. तोंडातलं 'शेट' गेलं, 'तुमी' जाऊन 'तू' आलं. "चनमल्ला, तुझी गाडी सकाळपासनं उभीच हाय न्हवं?"

चनमल्लप्पानं खिशातून चावी काढली आणि आपल्या जीपकडे गेला. मानसिंगकडूनच घेतलेली, तीन वर्षांपूर्वी. इंजिन गार, बॉनेटवर कुत्रं झोपलेलं. त्यानं इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. आम्ही सगळे खिडकीला लागलो. काटा उठला आणि निम्म्यावर जाऊन बसला.

तो उतरला नाही. तसाच स्टिअरिंग धरून बसला. ह्या गाडीतून त्यानं तीन उन्हाळे माणसं नेली होती.

मग शेजारच्या जीपची चावी फिरली. मग पलीकडची. "माजा पण!" कुणीतरी ओरडलं. "आयला, माजा पण!" पाच गाड्या मानसिंगच्या होत्या, पाचातल्या चारांचे काटे निम्म्यावर. अजिनाथची गाडी दुसरीकडची, तिचा काटा तळाशी होता, आणि तो उगीच दोनदा चावी फिरवून खात्री करत राहिला.

मानसिंग आपल्या जीपकडे सरकायला लागला. कुठं जाणार? गाडी उकळलेली. चनमल्लप्पा एव्हाना उतरून आला होता, त्यानं चावी काढून घेतली. कुणी मारलं नाही त्याला. मारायला पाहिजे होतं असं मला वाटलं, पण तो त्यांचा हिशोब. माझा वेगळा होता. मी अझरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मानसिंगच्या तोंडापुढं धरला. बोटभर अंतर.

"सांगा."

"काय सांगू?"

"काटा कुठं होता ते सांगा."

चनमल्लप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला.

"अझर," मानसिंग म्हणाला. "काटा निम्म्यावर होता. तसा... केलेला होता. मीच करायला लावला होता."

फोनमधून कटर खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं रडतोय. रडत नव्हता.

"उने टोपण खोल्या क्या आपा?"

"नाही. हात नेला आणि परत घेतला."

"बोल्या ना मैं," अझर म्हणाला. "दवाखान्यातच बोल्या ना सबकू. निम्मेपर था बोल्या ना." त्याचा आवाज चढत चढत गेला, दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. त्यानं मानसिंगला आईबहिणीवरून सगळं ऐकवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि स्टँडवरच्या माणसांनी उभं राहून ऐकलं. त्यातले कितीतरी त्याला येडं म्हणणारे होते. मी त्यांच्याकडे एकेकाकडे बघत होते. खाली बघत होते ते.

मी मानसिंगच्या जीपमधून माझी पिशवी घेतली. त्याला प्यायला पाणी कुणी दिलं नाही, हॉटेलवाल्यानंही नाही. काळ्या जीपमधून अजून वाफ निघत होती.

सोलापूरला मला चनमल्लप्पानं आणलं. निघण्याआधी त्यानं आपलं मीटरचं पॅनल उपटून काढलं होतं, वायरा लोंबत होत्या, आणि दर तीन-चार मैलांनी तो गाडी थांबवून, बॉनेट उचलून, लांबून हाताच्या पाठीनं इंजिनाची धग बघत होता.

तिसऱ्यांदा थांबल्यावर तो स्टिअरिंगमागे बसून म्हणाला, "अक्का, एक इचारू? त्यानं उघडलं असतं तर?"

"तर उघडलं असतं."

"तुमी हात धरला नसता?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. सोलापूर येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.